निळा-काळा रंग आला

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं मुलांना न पाहिलेलं लिहायला शिकवण्यात गेली. हे वाचून कुणी हळहळायची गरज नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि ज्यांच्या शेजारी बसून मी एवढी वर्षं डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांना आजही वाटत नाही. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक कुरूप फुलदाणी दिली. एकजण भाषणात म्हणाले की बाईंनी विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवला. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

शाळा खडकीला, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक कारखान्याच्या क्वार्टर्समधली, काही बाजारातल्या दुकानदारांची. मी वारज्याहून दोन बस बदलून यायचे, त्यामुळे शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझा दिवसभराचा संयम खर्च झालेला असायचा. मी रागीट होते. पुढे जे घडलं त्याच्याशी याचा संबंध आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. प्रयोगशाळेत भांडी धुवायला, बाटल्या भरायला, कुंड्यांना पाणी घालायला एक परिचर होते. मांजरी गावाहून आधी सायकलवर आणि पुढे गाडीवर यायचे. एकदा त्यांच्या हातून थर्मामीटर फुटला, तर मी त्यांना दहावी ‘ब’च्या वर्गासमोर उभं करून पाऱ्याचे गुणधर्म विचारले होते. ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. मुलं हसली आणि मला वाटलं, बरी अद्दल घडली.

प्रयोगवही म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक प्रयोगाला दोन पानं. डावीकडचं कोरं, आकृतीसाठी, उजवीकडे रेघा. मथळे ठरलेले: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. यातलं निरीक्षण हेच काय ते विज्ञान, बाकी सगळी तयारी आणि आवराआवर. प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही लागते आणि सगळ्या सह्या झाल्या की पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर शेवटची. ते प्रमाणपत्र नसेल तर दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे मुलं देवाला घाबरत नाहीत तेवढी या वहीला घाबरतात, आणि पालक मुलांहून जास्त.

आता गंमत अशी की आमच्याकडे ही वही जूनमध्येच पूर्ण व्हायची. प्रयोग डिसेंबरात. ज्या रोपाचं बी अजून पेरलेलं नाही त्याच्या पानाचा रंग काय झाला, हे मुलं शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच भूतकाळात लिहून मोकळी. कुठून लिहायची? खूप वर्षांपूर्वी एका हुशार मुलीची वही मी नमुना म्हणून कपाटात ठेवली होती. टपोरं अक्षर, पट्टीने मारलेल्या रेघा. पुढे कुणीतरी तिचे फोटो काढले, त्यांची पीडीएफ झाली आणि ती दर वर्षी एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून पुढच्या ग्रुपवर जाऊ लागली. त्या मुलीने कांद्याच्या सालीतल्या पेशींची आकृती काढताना तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या पेशीत केंद्रक काढायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून आमच्या शाळेत कापलेल्या प्रत्येक कांद्यात तिसऱ्या ओळीतली दुसरी पेशी बिनकेंद्रकाची. मी लाल पेनाने तिथे एक ठिपका द्यायचे आणि सही करायचे. एका जिवात झालेली चूक पिढ्यानपिढ्या कशी उतरत जाते, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. मी आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याचंच दिलं, कारण पुस्तकात वाटाणाच होता.

सहकाऱ्यांबद्दल काय बोलायचं. रसायनशास्त्र शिकवणारे सर मंगळवारी मूग खात नसत आणि वर्गात ‘प्रयोगाने सिद्ध होतं तेच सत्य’ असं फळ्यावर लिहीत. मुख्याध्यापकांना विज्ञान प्रदर्शन म्हटलं की थर्माकोल आठवायचा. ज्वालामुखी झाला की त्यांचं समाधान व्हायचं. दरवर्षी एक ज्वालामुखी, त्यातून खायचा सोडा आणि व्हिनेगर उसळायचं, टाळ्या पडायच्या. एका वर्षी एका मुलाने मुंग्या कोणत्या तेलापासून लांब पळतात याची महिनाभर नोंद केली होती. त्याचं टेबल जिन्याखाली लावलं, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हे सगळे मला बावळट वाटायचे. स्वतःला मी त्यांच्यात धरत नव्हते.

तर तो प्रयोग. झाडाचं हिरवं पान उन्हात स्टार्च तयार करतं, एवढंच सिद्ध करायचं. कुंडीतली जास्वंद दोन दिवस कपाटात, अंधारात ठेवायची, म्हणजे पानात आधी साठलेला स्टार्च ती वापरून टाकते. मग एका पानाच्या मध्यावर काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावायची आणि कुंडी उन्हात ठेवायची. संध्याकाळी पान तोडून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये उकळायचं. हिरवा रंग निघून जातो आणि पान पांढुरकं होतं. मग त्यावर आयोडीनचे थेंब. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग, नसेल तिथे नाही. म्हणजे ऊन मिळालेलं पान काळं आणि पट्टीखालची जागा तशीच फिकट. सुंदर प्रयोग आहे. इतका साधा, की खोटं बोलायला त्यात जागाच नाही, असं मी वर्गात सांगायचे.

त्या वर्षीच्या डिसेंबरातही नेहमीप्रमाणे झालं. दहावी ‘ब’ची एकोणचाळीस मुलं टेबलाभोवती, मागच्यांना काही दिसत नव्हतं आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. परिचरांनी पान चिमट्याने बशीत पसरलं. मी तपकिरी बाटलीतून ड्रॉपरने थेंब टाकले. पान तपकिरी झालं. मी म्हणाले, “बघा, इथे कडेला काळपट आलाय.” पुढचा एक मुलगा म्हणाला, “हो बाई, निळसर.” दोघातिघांनी माना डोलावल्या. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी तेव्हा खोटं बोलत नव्हते. मला तो काळपटपणा दिसत होता. दर वर्षी दिसायचा. काय दिसायला हवं ते पाठ असलं की डोळे फार त्रास देत नाहीत.

शुक्रवारी वह्या तपासायला घेतल्या. मी वाचत नसे. सहीची जागा शोधून सही करत असे. एका वहीत ती जागा चुकली, कारण तिथे खाडाखोड होती. जूनमध्ये लिहिलेलं ‘निळा-काळा रंग आला’ हे पट्टी ठेवून नीट खोडलेलं आणि खाली नव्याने लिहिलेलं: ‘पूर्ण पान तपकिरी झाले. झाकलेला व न झाकलेला भाग यांत फरक दिसला नाही.’ निष्कर्षाची जागा कोरी.

मुलगी शेवटच्या बाकावरची होती. हुशार म्हणून तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. वडिलांचं बाजारात वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचंही तेच. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.

“हे काय?”

“बाई, तसंच दिसलं.”

“तू मागे उभी होतीस. तुला काय दिसणार?”

“सगळे गेल्यावर पुढे येऊन बघितलं. खिडकीत धरून. फोटोपण काढलाय.”

फोटो दाखवायला तिने फोन काढला तसा मी तिला आणखी झापलं, कारण शाळेत फोन आणायला बंदी होती. मी म्हणाले, पान फाडायचं आणि सोमवारी नीट लिहून आणायचं. ती म्हणाली, मग प्रयोग परत करून बघू का. मी म्हणाले, “हा प्रयोग पृथ्वीवर लाखो वेळा झालाय. तुझ्या एकटीच्या पानाने झाडांनी स्टार्च करायचं थांबवलं का?” मला हे वाक्य फार आवडलं होतं. स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले.

सोमवारी ती वही घेऊन आली. पान फाडलेलं नव्हतं. मी सांगितलं की सही होणार नाही, सही नाही तर प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही तर परीक्षा नाही. तिचे डोळे भरले, पण वही तिने मागे घेतली नाही. पोरीला परीक्षा हवी होती, हे दिसत होतं. तिच्या घरात दहावीच्या पुढे जाणारी ती पहिलीच, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की एक पंधरा वर्षांची मुलगी माझ्या सहीसाठी वाकत नाही. मला संताप आला. “उद्या वडिलांना घेऊन ये,” मी म्हणाले.

वडील आले. स्वच्छ शर्ट, बोटांच्या पेरांत वंगणाचा काळेपणा, हातात टोपी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी त्यांना दहा मिनिटं ऐकवलं. हट्ट, बेशिस्त, फोन, एका ओळीपायी वर्ष वाया जाईल, वगैरे. ऐकून झाल्यावर त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग मुलीला म्हणाले, “बाई सांगतात ते ऐकायचं.” मला वाटलं, संपलं. पण दाराशी जाऊन ते परत वळले.

“बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचारा.”

“आमच्याकडे गिऱ्हाईक काटा घेऊन येतं. म्हणतं, माल कमी भरतो. आम्ही मालाकडे बघतच नाही. आधी खात्रीचं वजन ठेवतो. किलोचं वजन किलो दाखवलं, तर काटा बरोबर, मग माल बघायचा. नाही दाखवलं तर मालाला नावं ठेवून काय करणार?” त्यांनी टेबलावरच्या वहीकडे बघितलं. “तुमच्यात तसं काही ठेवून बघायची पद्धत असते का?”

मी म्हणाले, “अहो, ही शाळा आहे, दुकान नाही.” त्यांनी मान हलवली, ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि गेले. एका वजनकाटेवाल्याने मला नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, आणि तो धडा मी नववीला पंचवीस वर्षं शिकवत होते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या मी झोपेतही म्हणून दाखवली असती. पण ती समोर टोपी हातात घेऊन उभी राहिली, तेव्हा मला ओळखता आली नाही.

मुलीला मात्र ओळखता आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली. हातात डबा. त्यात उकडलेल्या बटाट्याच्या दोन चकत्या, मूठभर भात आणि कागदात थोडी कणीक. मला विचारून तिने बशीत तिन्ही वेगवेगळं मांडलं. मी परवानगी दिली, कारण मला तिला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं.

“यात स्टार्च असतो ना, बाई? पुस्तकात दिलंय.”

“असतो.”

तिने बाटलीतून बटाट्यावर थेंब टाकला, भातावर टाकला, कणकेवर टाकला. बटाटा तपकिरी झाला, भात तपकिरी झाला, कणीक ओली झाली. आम्ही दोघी वाट बघत बसलो. मी आधी बटाट्याला दोष दिला. म्हणाले, जास्त उकडलाय. भातही जास्त शिजला असेल, असं म्हणणार होते, पण स्वतःचीच लाज वाटली. तिने नाकाजवळ धरल्यासारखी बाटली वर उचलली, उजेडात बघितली, झाकण लावून जागेवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. ‘मी बघते, तू वर्गात जा,’ असं सांगून मी तिला घालवलं.

ती गेल्यावर भिंतीवरच्या प्रथमोपचार पेटीतून जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध काढलं आणि उरलेल्या चकतीवर एक थेंब टाकला. बटाटा बघता बघता काळा-निळा झाला, शाई सांडावी तसा.  मग तपकिरी बाटलीचं झाकण काढून वास घेतला. प्रयोगशाळेत फिनेल आणि स्पिरिटच्या वासात दुसरं काही कळत नाही, पण नाक बाटलीत घातल्यावर कळलं. चहा होता. कोरा, चांगला कडक.

परिचरांना हाक मारली. ते आले, टेबलावरची उघडी बाटली बघितली आणि दारातच थांबले.

“हे काय आहे?”

“च्या हाय, बाई.”

“कधीपासून?”

“लई वर्सं झाली. पाच-सहा असतील. आयोडीनची बाटली माज्या हातनं फुटली व्हती. लादीवर डाग पडला व्हता, बघा, अजून हाय तिथं.”

“मला का नाही सांगितलं?”

 ते अगदी सरळ, तक्रारीचा सूर न लावता म्हणाले, “तुमी लई बोलता, बाई.”

थर्मामीटर मला तेव्हा आठवला. त्यांना तो रोज आठवत असणार.

पुढचं त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मी रागावत नाही असं दिसल्यावर त्यांना जरा हुरूप आला असावा. “पयल्या वर्सी घरनं साखरेचाच आणला व्हता. तर बाटलीला मुंग्या लागल्या. मग दुसऱ्या टायमाला बिनसाखरेचा. मुंग्या यायच्या ऱ्हायल्या, पर आठ-दहा दिसांत वर बुरशी धरली. म्हनलं, गाळणीचा चोथा ऱ्हातोय म्हणून आसंल. फडक्यानं गाळून बघितला, तरी धरली. मग झाकण घट लावून बघितलं. जरा उशिरा धरली, पर धरलीच. मग म्हनलं, लई दिस ठिवायचाच न्हाई. प्रॅक्टिकल असंल त्या दिशी सकाळी ताजा करायचा.”

मी ऐकत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं, हे मी ज्यांना शिकवत होते त्या शेकडो मुलांपैकी एकानेही माझ्या प्रयोगशाळेत कधी केलं नव्हतं. या माणसाने पाच-सहा वर्षं केलं, माझ्यापासून लपवून, मी ओरडू नये म्हणून.

“पण पानाचा रंग निळा येत नाही, हे तुम्हाला दिसलं नाही का?”

“दिसत व्हतं की. पर समदी पोरं निळा लिवत्यात. तुमी खाली सही करताय. मला वाटलं, च्यानं बी येत आसंल, मलाच दिसत न्हाई. चष्म्याचा नंबर बी वाढवून आनला.”

मला हसू आलं नाही. आज सांगताना लोक हसतात, तेव्हा मी त्यांना हसू देते. त्या क्षणी मला फक्त एवढं वाटलं की या खोलीत सगळ्यांत मूर्ख माणूस कोण, याचा निकाल लागला आहे.

मी कुणाला सांगणार नाही, असं त्यांना म्हणाले. त्यांना निवृत्तीला सहा महिने होते. बाटली मोरीत ओतली, विसळली आणि दुपारी बाजारातून नवीन आयोडीन आणलं. जास्वंद पुन्हा दोन दिवस कपाटात गेली. मुलीला निरोप धाडला की शुक्रवारी शाळा सुटल्यावर थांब, प्रयोग परत करायचा आहे. काळी पट्टी तिनेच लावली, शुक्रवारी सकाळी लवकर येऊन, आणि कुंडी स्वतः गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली.

संध्याकाळी पान तिनेच उकळलं. परिचर मोरीशी परीक्षानळ्या धुवत होते. पान पांढुरकं झालं, तिने ते बशीत उलगडलं आणि थेंब टाकले. पहिल्यांदा काही झालं नाही. मग शिरांच्या मधून रंग वर आला, आधी करडा, मग जांभळट, मग पार काळा-निळा, आणि मध्ये पट्टीची जागा तशीच फिकट, कडा इतक्या सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. मी ते बघत होते. पाच-सहा वर्षांत मी हे बघितलेलं नव्हतं आणि बघितलं नाही हे मला कळलंही नव्हतं.  ती मुलगी जवळजवळ बशीत नाक घालून बसली होती. “बाई, झाड खरंच करतं,” ती म्हणाली. मी इतकी वर्षं तेच सांगत होते, पण माझं सांगणं तिने जेमतेम खरं धरलं असणार.

मग तिने मान वर केली.

“बाई, आधीच्या बाटलीत काय होतं?”

मोरीवरचा नळ चालू होता, पण परीक्षानळ्यांचा आवाज थांबला. मला खरं सांगता आलं असतं. फार काही झालं नसतं. ती मुलगी चहाडी करणारी नव्हती. पण वर्गात दोन दिवसांत कळलं असतं, मग स्टाफरूममध्ये, मग मुख्याध्यापकांना. बाई सहा वर्षं चहाने स्टार्च शोधत होत्या. हसण्यात सगळ्यांत पुढे मंगळवारी मूग न खाणारे सर असते.

“आयोडीनच होतं,” मी म्हणाले. “जुनं झालं होतं. जुनं झालं की काम करत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि बशी उचलायला लागली.

परिचरांसाठी खोटं बोलले, असं मी घरी येईपर्यंत बसमध्ये स्वतःला सांगत होते. ते काही खरं नव्हतं. त्यांचा विचार माझ्या मनात आला तो बस नळ स्टॉपच्या चौकापुढे गेल्यावर, खोटं बोलून झाल्यावर तासाभराने. परिचर मात्र सोमवारी माझ्यासाठी मांजरीहून उसाची चार कांडी घेऊन आले. मी ती घेतली.

त्याच दिवशी मुलगी वही घेऊन आली. प्रयोग आता दोन पानांत मावत नव्हता, म्हणून तिने मध्ये दोन सुटी पानं चिकटवली होती. अक्षर साधं, थोडं तिरकं. मी या वेळी सहीची जागा शोधली नाही, पहिल्यापासून वाचलं.

पहिल्या वेळचं निरीक्षण होतं तसंच ठेवलेलं. त्याखाली लिहिलं होतं: ‘त्याच बाटलीतला द्रव उकडलेला बटाटा, भात व कणीक यांवर टाकला. कशाचाही रंग निळा-काळा झाला नाही. म्हणून त्या बाटलीवरून पानात स्टार्च आहे की नाही हे सांगता येत नाही.’ मग नवीन आयोडीन, नवीन पान, निळा-काळा रंग, मधली फिकट पट्टी, सगळं जसं झालं तसं. आकृतीत तिने पानाच्या कडेला किडीने खाल्लेलं भोकही काढलं होतं, कारण ते पानाला होतं.

पूर्ण वहीत तिने पहिल्या बाटलीला कुठेही आयोडीन म्हटलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ‘बाटलीतला द्रव’. त्या बाटलीच्या संदर्भात आयोडीन हा शब्द फक्त एकदाच आला होता, सगळ्यांत शेवटी, निष्कर्षाच्याही खाली, वेगळ्या ओळीत:

‘पहिल्या बाटलीत जुने आयोडीन होते, असे बाईंनी सांगितले.’

मी ते तीन वेळा वाचलं. ती समोर हात मागे बांधून उभी होती. तिने हे काही टोचून लिहिलेलं नव्हतं. जे बघितलं ते बघितलं म्हणून लिहिलं आणि जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं ते लिहिलं. लाल पेन माझ्या हातात होतं. त्या ओळीत चूक एकही नव्हती.

त्या दिवशी बाटली वर उचलली तेव्हा तुला वास आला होता का, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी त्या ओळीखाली सही केली, तारीख घातली आणि वही तिच्या हातात दिली.